गोदामात पिवळे पडलेले पांढरे जार: पॉलिप्रॉपिलिनमधल्या ॲडिटिव्हचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रसायन मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण सगळी गोम तिथेच आहे.

कांदिवलीला चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एक इंजेक्शन मोल्डर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवणारा कारखाना आहे. दोन गाळे, मोजकी मशिनं, मालक दुसऱ्या पिढीचे. कामगारांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना भाऊ म्हणतात. अंधेरीत ऑफिस असलेला सौंदर्यप्रसाधनांचा एक ब्रँड त्यांच्याकडून क्रीमचे पांढरे जार आणि झाकणं घेतो. पांढरा मास्टरबॅच, म्हणजे रंग आणि रसायनं दाटपणे मिसळलेला दाणा, वसई पूर्वेच्या एका पुरवठादाराकडून येतो. तयार माल भिवंडीजवळच्या एका भाड्याच्या गोदामात जातो, तिथून क्रीम भरणाऱ्या कारखान्यात. आणखी एक पक्ष आहे, तो म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचा दाणा बनवणारी पेट्रोकेमिकल कंपनी. तिला या सगळ्याचा पत्ताही नव्हता, तरी तिचा वाटा मोठा निघाला.

जारचं वजन साधारण २५ ग्रॅम. होमोपॉलिमर पीपी, म्हणजे निव्वळ प्रॉपिलिनचं पॉलिप्रॉपिलिन, त्यात तीन टक्के पांढरा मास्टरबॅच. मास्टरबॅचमध्ये ६० टक्के टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य, म्हणजे जारमध्ये १.८ टक्के. या मिश्रणावर बरीच वर्षं सुरळीत काम चाललं होतं.

मग ब्रँडकडे काही दुकानदारांची कुरकुर आली की शोकेसमध्ये उन्हात राहिलेले जार निस्तेज दिसतात. ब्रँडच्या खरेदी विभागाने मोल्डरला एका ओळीची मेल टाकली: यापुढे पांढरा ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ हवा. मोल्डरने ती ओळ तशीच वसईला पुढे ढकलली. वसईने मास्टरबॅचमध्ये पाच टक्के हाल्स घातलं. हाल्स म्हणजे हिंडर्ड अमाइन लाइट स्टॅबिलायझर, १९७० च्या दशकात बाजारात आलेला आणि पीपीसाठी आजही सर्वांत जास्त वापरला जाणारा, प्लास्टिकला उन्हापासून जपणाऱ्या रसायनांचा वर्ग. त्यातला निवडला तो ७७०: जुना, स्वस्त, सहज मिळणारा, लहान रेणूचा आणि चांगलाच अल्कधर्मी. जारमध्ये त्याचं प्रमाण आलं ०.१५ टक्के.

नमुने क्यूयूव्ही यंत्रात, म्हणजे अतिनील दिव्यांनी उन्हाची नक्कल करणाऱ्या यंत्रात गेले. एएसटीएम जी १५४ पद्धत, यूव्हीए-३४० दिवे. निकाल उत्तम. उन्हाळ्यात मंजुरी मिळाली, उत्पादन सुरू झालं आणि पाऊस लागायच्या आत मोठा साठा भिवंडीला पोचला.

अडचण

जुलैच्या अखेरीस भरणाऱ्या कारखान्याने माल उचलला आणि लाइन थांबवली. खोके उघडले तर जार पिवळट. काही झाकणांना तर गुलाबी झाक होती. गणपती ते दिवाळी हा ब्रँडचा विक्रीचा हंगाम, त्यामुळे चर्चेआधी डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची रक्कम वळती करण्याची चिठ्ठी आली.

चारकोपला क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) खिडकीतल्या रॅकवर त्याच लॉटचे राखीव नमुने होते. पांढरेशुभ्र. भाऊंनी त्यांचे फोटो पाठवून सांगितलं, “माझ्या गाळ्यातून माल पांढराच गेलाय.” वसईने लॉटचं सीओए, म्हणजे तपासणी प्रमाणपत्र पाठवलं, त्यात सगळं ठीक. गोदामवाल्याने सांगितलं की खोकी सीलबंद होती, पाणी लागलेलं नाही. ब्रँडच्या गुणवत्ता विभागाच्या मॅडमना यातलं काहीच पटलं नाही. न पटणं स्वाभाविकही होतं, कारण पक्ष चार आणि प्रत्येकाच्या हातात आपापला निर्दोष असल्याचा कागद.

पहिला अंदाज आणि पहिला उपाय

मोल्डिंगच्या धंद्यात पांढरा माल पिवळा दिसला की पहिला संशय बॅरलवर, म्हणजे मशीनमधल्या दाणा वितळवणाऱ्या तापत्या नळीवर जातो. दाणा जास्त तापला, मशीन थांबलं तेव्हा आतच राहून करपला किंवा रनर, म्हणजे साच्याच्या वाटेत गोठलेलं जादा प्लास्टिक, दळून पुन्हा वापरताना प्रमाण वाढलं. भाऊंनी बॅरलचं तापमान २३० वरून २१५ अंश सेल्सिअसवर आणलं, रनरचं दळण या जारपुरतं बंद केलं, हॉपर आणि स्क्रू साफ करून घेतले. यात वावगं काही नव्हतं.

पण त्याच जोडीला वसईने सुचवलं की वरून थोडं अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे प्लास्टिक खराब होऊ न देणारं रसायन द्या. दोन टक्के मास्टरबॅच, त्यात दहा टक्के बी २२५. बी २२५ म्हणजे १०१० आणि १६८ यांचं निम्मं-निम्मं मिश्रण. १०१० हा फिनॉलिक, १६८ हा फॉस्फाइट, अँटिऑक्सिडंटच्या या दोन जाती. हिशेब केला तर जारमध्ये एकूण २,००० पीपीएमची (दहा लाख भागांत २,००० भागांची) भर पडली, त्यातलं १,००० पीपीएम १०१०. ऐकायला ही भर क्षुल्लक वाटते, २५ ग्रॅमच्या जारमध्ये १०१० चे फक्त २५ मिलिग्रॅम. पण ॲडिटिव्हच्या, म्हणजे प्लास्टिकमध्ये घालायच्या पूरक रसायनांच्या दुनियेत ही मात्रा भरपूर झाली.

नवा लॉट निघाला, भिवंडीला गेला आणि आधीच्या लॉटपेक्षा लवकर पिवळा पडला. रोगापेक्षा औषध जड झालं.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण हाच. माल पिवळा कुठे पडला, कोणत्या बाजूने पडला, आतून की वरून, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. फोटोवर भागलं. मिश्रणात आधी काय काय आहे याची पूर्ण यादी एकाही पक्षाकडे नव्हती आणि तरी त्यात आणखी एक गोष्ट टाकण्याचा निर्णय फोनवर पाच मिनिटांत झाला. तीन डॉक्टरांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या न बघता औषधं द्यावीत, तसं हे होतं.

गोदामात काय दिसलं

मला या टप्प्यावर बोलावण्यात आलं. मी सुचवलेली पहिली गोष्ट प्रयोगशाळेची नव्हती, गोदाम बघण्याची होती. भाऊ, त्यांच्याकडे क्यूसी बघणारी तरुण मुलगी आणि मी असे घोडबंदर रोडने गेलो. पावसाळ्यात हा रस्ता किती वेळ खातो हे मुंबईकराला सांगायला नको.

भिवंडीची गोदामं एकदा आतून पाहिलेल्याला पुढचं चित्र ओळखीचं वाटेल. लांबलचक शेड, एका बाजूला मालाच्या गाड्या लावायचा धक्का. पाऊस आत येतो म्हणून शटरं अर्धी खाली. खोक्यांच्या थप्प्यांमधून डिझेल फोर्कलिफ्ट ये-जा करतोय. धक्क्याला लागलेल्या ट्रकचं इंजिन चालूच. छताचे पंखे बंद.

भाऊंनी सुपरवायझरला विचारलं, “फोर्कलिफ्ट दिवसभर आतच?”

“आतच की, शेठ. पावसात बाहेर कुठे लावणार? उन्हाळ्यात शटरं सताड उघडी असतात, आता ती पण नाहीत. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात आमचे.”

डोळे चुरचुरण्याचं ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

मग खोकी उघडली. धक्क्याजवळच्या रांगा सर्वांत पिवळ्या, मागच्या भिंतीकडे जाऊ तसा रंग कमी. जार एलडीच्या (कमी घनतेच्या पॉलिथिनच्या) पिशव्यांमध्ये बांधलेले होते, झाकणं पिशवीत सुटी. क्यूसीतल्या मुलीने पिशवीतून झाकणं एकेक काढून टेबलावर मांडली आणि तिलाच पहिल्यांदा दिसलं: जिथे एक झाकण दुसऱ्याला चिकटून दबलं होतं तिथे चंद्रकोरीच्या आकाराचा पट्टा स्वच्छ पांढरा होता. उघडा भाग पिवळा, झाकलेला पांढरा. तिने ब्लेडने कडेचा पापुद्रा खरवडला. खालून पांढरं.

एवढ्याने बॅरलचा विषय संपला. दाणा बॅरलमध्ये करपला असता तर रंग आरपार असता, दबलेल्या भागासकट. इथे बाहेरून काहीतरी पृष्ठभागावर येत होतं आणि जिथे त्याला पोचता आलं नाही तिथे माल पांढरा राहिला होता. पिशवीतून आत शिरलं म्हणजे ते वायुरूपच असणार. एलडीच्या पातळ पिशवीने पाणी अडतं, वायू अडत नाहीत.

दुसरी खूण चारकोपला मिळाली. त्या मुलीने एका पिवळ्या झाकणावर अर्ध्या भागात इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळली आणि ते खिडकीत ठेवलं. ऊन अधूनमधूनच पडत होतं. तरी टेप काढली तेव्हा उघडा भाग पांढरा झालेला आणि टेपखालचा पिवळाच. माल उन्हाने पिवळा पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे उन्हाने तो पांढरा होत होता.

हे घडतं कसं

पॉलिप्रॉपिलिनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनवर एक मिथाइल गट असतो. त्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो आणि ऑक्सिजन तिथूनच हल्ला करतो. म्हणून अँटिऑक्सिडंटशिवाय पीपी मशीनमधून धडपणे बाहेरही पडणार नाही. दाणा बनवणारी कंपनी आधीच त्यात फिनॉलिक आणि फॉस्फाइट घालून पाठवते. फिनॉलिक स्वतःचा हायड्रोजन देऊन मुक्तमूलकांना, म्हणजे साखळी बिघडवणाऱ्या अस्थिर तुकड्यांना, शांत करतो आणि फॉस्फाइट हायड्रोपेरॉक्साइडांची विल्हेवाट लावतो. म्हणजे ‘साधा’ दाणा साधा नसतोच. त्यात १०१० किंवा त्याचा भाऊबंद काही शे पीपीएम असतोच असतो.

हा फिनॉलिक आपलं काम करताना बदलत जातो आणि त्यातून क्विनोन जातीची पिवळी संयुगं तयार होतात. एरवी ती इतकी थोडी असतात की डोळ्याला दिसत नाहीत. पण हवेत नायट्रोजनची ऑक्साइडं असली, म्हणजे डिझेल किंवा गॅसच्या इंजिनाचा धूर असला, की ही क्रिया झपाट्याने होते. भोवताल अल्कधर्मी असला तर रंग आणखी गडद उठतो. ७७० सारखं अल्कधर्मी हाल्स नेमका तसाच भोवताल तयार करतं. टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभागही यात हातभार लावतो. त्यावर ॲल्युमिना-सिलिकाचा नीट थर असेल तर कमी, नसेल तर जास्त.

अंधार लागतो तो शेवटच्या कारणासाठी. ही पिवळी संयुगं प्रकाशात तुटतात. खिडकीतला नमुना म्हणूनच पांढरा राहिला आणि खोक्यातला पिवळा झाला.

कापडवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. पांढरे कपडे पॉलिथिनच्या पिशवीत घडी घालून ठेवले की घडीच्या कडेला पिवळे पट्टे येतात, कारण पिशवीतला बीएचटी नावाचा फिनॉलिक उडून कापडावर बसतो आणि हवेतल्या नायट्रोजन ऑक्साइडांशी त्याची गाठ पडते. त्यासाठी आयएसओ १०५-एक्स१८ ही चाचणी आहे. नायट्रोजन ऑक्साइडांना रंग किती टिकतो हे बघायला आयएसओ १०५-जी०१ आहे. भिवंडीत यंत्रमागवाल्यांच्या शेजारी गोदाम असूनही प्लास्टिकवाल्यांपर्यंत ही माहिती फारशी पोचलेली नव्हती. धंदे शेजारी नांदतात पण त्यांची दुखणी एकमेकांना कळत नाहीत.

क्यूयूव्हीच्या निकालाचं कोडंही इथेच सुटलं. ज्या चाचणीवर मंजुरी दिली तिच्यात नमुन्यावर सतत अतिनील प्रकाश पडत होता. म्हणजे जो दोष पुढे उद्भवणार होता तो पुसून टाकणारीच ती चाचणी. ती उत्तीर्ण होणारच होती. चाचणी खोटी नव्हती, ती शोकेसमधल्या उन्हाचं उत्तर देत होती. भिवंडीच्या अंधाराबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं.

खात्री करायची की थेट बदलायचं

इथे दुसरा निर्णायक क्षण आला. हंगाम डोक्यावर होता. भाऊंचं म्हणणं, “कारण कळलंय ना, हाल्स काढून टाका आणि उद्यापासून जुना माल चालू करा.” मॅडमना लेखी पुरावा हवा होता, कारण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं.

दोघांचं अर्धं-अर्धं ऐकलं गेलं. चारकोपला चार प्रकारच्या पट्ट्या मोल्ड केल्या: नुसता दाणा, दाणा आणि हाल्स नसलेला पांढरा, दाणा आणि ७७० असलेला पांढरा, आणि शेवटची ७७० सोबत वरून बी २२५ दिलेली. चारही पट्ट्या ठाण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत नायट्रोजन ऑक्साइडच्या बंद पेटीत ठेवल्या आणि आधी-नंतर वर्णमापकावर बी-मूल्य घेतलं. हे मूल्य वाढलं की पिवळेपणा वाढला. नुसता दाणा थोडा हलला. हाल्स नसलेला पांढरा त्याहून थोडा जास्त. ७७० वाला स्पष्ट पिवळा. चौथी पट्टी बघायला वर्णमापकाची गरजच नव्हती.

नुसता दाणाही थोडा हलला, ही गोष्ट पुढच्या निर्णयांसाठी फार महत्त्वाची ठरली. दाण्यातलं ॲडिटिव्ह विलायकात उतरवून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासलं तेव्हा १०१० तिथेही सापडलं. म्हणजे मास्टरबॅच कितीही बदलला तरी फिनॉलिक शून्यावर येणार नव्हता.

तोलून पाहिलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय वसईने मांडला: नीळ वाढवा. पांढऱ्या मास्टरबॅचमध्ये अल्ट्रामरिन ब्लूचा ठिपका असतोच, तो वाढवला की पिवळेपणा मारला जातो. खर्च जवळपास नाही. पण जार आज निळसर दिसेल आणि गोदामात गेल्यावर पिवळ्यात निळा मिसळून मळकट राखाडी होईल. क्रीमच्या जारला मळकट दिसणं पिवळं दिसण्याइतकंच महागात पडतं. मॅडमनी एका वाक्यात नाकारलं.

हाल्स पूर्ण काढायचं, हा भाऊंचा पर्याय. मग शोकेसची मूळ तक्रार परत आली असती. शिवाय ब्रँडने ‘यूव्ही’ हा शब्द आपल्या वितरकांना कळवून टाकला होता, त्यामुळे मागे फिरणं त्यांना नको होतं.

फिनॉलिकच नसलेला दाणा घ्यायचा, हा मला सुरुवातीला सर्वांत आकर्षक वाटलेला पर्याय. असा दाणा मिळतो. पीपीचा धागा आणि नॉनवोव्हन कापड बनवणाऱ्यांना हेच दुखणं असल्यामुळे त्यांच्यासाठी फिनॉलिकविरहित ग्रेड बनवलेल्या असतात. एक बॅग आणून मशीनवर चढवली. फायबर ग्रेड पातळ वाहणारी, तिचा मेल्ट फ्लो, म्हणजे वितळल्यावर वाहण्याचं प्रमाण, जारच्या ग्रेडपेक्षा कितीतरी जास्त. झाकणाच्या आट्यांवर फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून निघालेला पातळ पापुद्रा आला आणि भरलेला जार टेबलाच्या उंचीवरून टाकल्यावर बूड तडकलं. डायमध्ये, म्हणजे साच्यात फेरफार करून हे जमवता आलं असतं कदाचित, पण हंगामात नाही.

राहिला तो हाल्सचा प्रकार बदलण्याचा पर्याय. कमी अल्कधर्मी, मोठ्या रेणूचे प्रकार बाजारात आहेत. काहींत नायट्रोजनवर मिथाइल गट असतो, काहींत ऑक्सिजनमार्गे अल्किल गट जोडलेला असतो. महाग आहेत, असं वसईचं पहिलं वाक्य. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसणं कामी आलं. जारमध्ये हाल्स ०.१५ टक्के, म्हणजे २५ ग्रॅममध्ये ०.०३७५ ग्रॅम. नवा प्रकार किलोमागे ५०० रुपयांनी महाग धरला तरी एका जारमागे दोन पैसेसुद्धा होत नाहीत. एक लाख जारमागे साधारण १,८७५ रुपये. हा आकडा बघून खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मास्टरबॅचचा किलोचा भाव बघून निर्णय घेणारे आणि डेबिट नोट भरणारे वेगळे असले की असे दोन पैसे वाचवले जातात.

आणि शेवटी गोदाम. धूरच नसेल तर ही क्रिया जवळपास थांबते. पण गोदाम ब्रँडचं नव्हतं, मोल्डरचं तर नव्हतंच.

काय केलं

मिश्रणात तीन बदल झाले. ७७० च्या जागी कमी अल्कधर्मी, मोठ्या रेणूचं हाल्स. टायटॅनियम डायऑक्साइड दाट थर दिलेल्या रुटाइल ग्रेडचं, आणि तसं सीओएवर लिहून. वरून दिलेलं बी २२५ बंद. वसईला फॉस्फाइट एकटा १६८ थोडा ठेवायचा होता, तो ठेवला. पावसाळ्यात फॉस्फाइट ओल धरतात म्हणून पोतं उघडलं की लगेच संपवायचं, एवढी अट घातली.

रनरचं दळण पुन्हा सुरू केलं, कारण त्याचा या दोषाशी संबंध नव्हता. बॅरल मात्र २१५ वरच ठेवली, कारण सायकल टाइम बिघडला नाही आणि फिनॉलिक कमी खर्ची पडतो ते बरंच.

मिश्रण बदललं म्हणजे जार पुन्हा तपासणं आलं. ब्रँड आपल्या जारसाठी आयएस १०९१० या भारतीय मानकाची पूर्तता मागतो आणि एकूण स्थलांतराची, म्हणजे प्लास्टिकमधून आतल्या मालात किती उतरतं याची, चाचणी आयएस ९८४५ प्रमाणे करून घेतो. या चाचण्यांना वेळ लागला. घाई असूनही त्या गाळल्या नाहीत याचं श्रेय मॅडमना. मधल्या काळात हंगाम निभावण्यासाठी हाल्स नसलेला जुना पांढरा पुन्हा चालू केला आणि तो भिवंडीला न ठेवता चारकोपहून थेट भरणाऱ्या कारखान्यात पाठवला.

गोदामवाल्यांशी बोलणी तीन फेऱ्यांत झाली. पहिल्या फेरीत त्यांनी हात वर केले: “इतर कुणाची तक्रार नाही.” खरंच नसेल. डाळीच्या पोत्याला किंवा टायरला या वायूने काही होत नाही. दुसऱ्या फेरीत ब्रँडने माल मागच्या भिंतीकडे हलवायला सांगितला, तो हलवला गेला. तिसऱ्या फेरीत भाडेकराराच्या नूतनीकरणाची वेळ आली होती. तेव्हा कुठे बॅटरीवर चालणारा फोर्कलिफ्ट आणि धक्क्याला लागलेल्या ट्रकचं इंजिन बंद ठेवण्याची अट करारात आली.

आधीच पिवळा पडलेला साठा हा वेगळाच पेच होता. ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर भाऊंनी झाकणांचे ट्रे गाळ्याच्या गच्चीवर पसरले आणि ती पांढरी झाली. उत्साहात त्यांनी मॅडमना व्हिडिओ पाठवला. मॅडमचा एकच प्रश्न: “परत पिवळी होणार नाहीत, हे लिहून द्याल?” देता येण्यासारखं नव्हतं, कारण फिनॉलिक आणि ७७० दोन्ही आतच होते. शेवटी ठरलं ते असं: लगेच भरून लगेच विकला जाणारा छोटा हिस्सा उन्हात पांढरा करून वापरायचा, उरलेला दळून काळ्या मालात घालायचा. तोटा ब्रँड, मोल्डर आणि वसई यांनी वाटून घेतला. कुणी किती, यावर झालेली हुज्जत इथे सांगण्यात अर्थ नाही.

निष्पत्ती

नव्या मिश्रणाची पट्टी ठाण्याच्या पेटीत ठेवली तेव्हा ती थोडी पिवळी पडली, नुसत्या दाण्याच्या आसपास. शून्य नाही. क्यूयूव्हीतही ती उत्तीर्ण झाली.

पुढचा पावसाळा बऱ्यापैकी कोरडा गेला, म्हणजे तक्रारींच्या दृष्टीने. एक लॉट धक्क्याजवळ राहून गेला होता, त्यातल्या काही झाकणांवर हलकी झाक आली. ती मॅडमच्या ठरवलेल्या मर्यादेत बसली म्हणून माल स्वीकारला गेला. नीट चौकशी केल्यावर कळलं की बॅटरीवाला फोर्कलिफ्ट दुरुस्तीला गेला होता आणि बदली म्हणून डिझेलवालाच आणला होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड पांढरा’ ही मागणी अपुरी होती. जार किती दिवस कुठे राहणार, उजेडात की अंधारात, कशाच्या शेजारी, हे त्या मेलमध्ये असतं तर वसईच्या तंत्रज्ञाला ७७० निवडताना निदान शंका आली असती. माणूस हुशार आहे, पण त्याच्यासमोर प्रश्नच अर्धा ठेवला होता.

दुसरी, राखीव नमुने. सगळे खिडकीत होते. अर्धे अंधाऱ्या कपाटात, खोक्यातच ठेवले असते तरी काही लाभ झालाच असता असं मी म्हणणार नाही, कारण चारकोपच्या कपाटात डिझेलचा धूर नाही. पण ब्रँडने प्रत्येक लॉटचा एक खोका गोदामातच ‘उघडू नये’ असं लिहून ठेवला आणि महिन्याने तपासला असता तर जूनमध्येच कळलं असतं. आता ते तसं करतात.

तिसरी, बी २२५ चा तो फोन. पिवळेपणाला अँटिऑक्सिडंट हे उत्तर दहापैकी बहुतेक वेळा बरोबर असतं, म्हणूनच ते विचार न करता दिलं जातं. ब्लेडने पापुद्रा खरवडायला पैसे लागत नाहीत. ते आधी झालं असतं तर दुसरा लॉट वाचला असता, आणि एकूण तोट्यातला मोठा वाटा त्या दुसऱ्या लॉटचा होता.

फायबर ग्रेडचा पर्याय घाईत सोडला गेला, असं मला अजूनही वाटतं. हंगाम संपल्यावर फिनॉलिकविरहित पण कमी मेल्ट फ्लोचा दाणा शोधायला हवा होता. विषय निघाला, मग नव्या पंपवाल्या बाटलीच्या कामात मागे पडला.

मास्टरबॅचच्या पूर्ण रचनेचा प्रश्न अर्धाच सुटला. वसईवाला रचना देत नाही. ती त्याची रोजीरोटी आहे, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही दिली नसती. तडजोड म्हणून ब्रँडने एक पानी फॉर्म बनवला, ज्यात नावं नाहीत, फक्त हो किंवा नाही: फिनॉलिक आहे का, हाल्स आहे का, असल्यास अल्कधर्मी प्रकारचं आहे का, टायटॅनियम थर दिलेलं आहे का. वसईने सही केली. मोल्डर दाण्याच्या प्रत्येक नव्या लॉटमागे तोच फॉर्म दाण्याच्या व्यापाऱ्याकडे पाठवतो. व्यापारी त्यावर कंपनीचं टीडीएस, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रक, जोडून परत पाठवतो आणि टीडीएसमध्ये मेल्ट फ्लो, घनता, ताणशक्ती सगळं असतं. स्टॅबिलायझरची ओळ नसते. त्यामुळे ग्रेडचं नाव तेच ठेवून कंपनीने आतलं पॅकेज बदललं तर चारकोपला ते कळणार आहे ठाण्याच्या पेटीतूनच, आणि ती तपासणी सध्या वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर होते.